वरची क्लिप, खालची क्लिप

गाडीखालचा हिरवा डाग पहिल्यांदा दिसला तो सकाळी, आणि दिसला तो नेमका सेक्रेटरींना. कोणाच्या दाराबाहेर चपला जास्त पडल्यात, कोणाच्या कुंडीचं पाणी खालच्या मजल्यावर ठिबकतंय, हे ज्याला सगळ्यांच्या आधी दिसतं त्यालाच लोक सोसायटीचा सेक्रेटरी करतात, त्याला इलाज नाही. त्यांनी खालूनच मान वर करून हाक मारली, "गळतीसाहेब, जरा खाली येता का? तुमच्या गाडीने काहीतरी केलंय." तान्ह्या मुलाने केल्यावर आईला बोलावतात ना, अगदी त्याच सुरात.

गळतीसाहेब हे त्यांना आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते पाणीपुरवठा कार्यालयात गळतीच्या तक्रारींच्या टेबलावर बसत. शहरात कुठेही पाइप फुटला की अर्ज यांच्यासमोर, आणि अर्जावर यांचा ठरलेला शेरा, 'पाहणी चालू आहे'. ऑफिसातल्या कोणीतरी गमतीने नाव ठेवलं, ते फाटकाबाहेर पडलं, आणि आता दूधवाल्यापासून बायकोपर्यंत सगळे तेच वापरत. बायको फक्त भांडणात वापरे, हाच काय तो तिचा मोठेपणा. तर अशा माणसाच्या स्वतःच्या गाडीला गळती लागावी, आणि ती सेक्रेटरींनी दाखवावी, यापरता अपमान कोणता? बरं, गाडी गॅरेजमधून आली असती तर गॅरेजवाल्याच्या नावाने चार शब्द बोलून मोकळं होता आलं असतं. तीही सोय नव्हती. आदल्याच दिवशी गळतीसाहेबांनी आणि त्यांच्या सासऱ्यांनी मिळून इंजिनाचा पाण्याचा पंप घरच्या घरी, याच पार्किंगमध्ये बदलला होता.

सासरे म्हणजे निवृत्त हेडमास्तर. सगळे त्यांना मास्तरच म्हणत. सासूबाई गेल्यानंतर लेकीने त्यांना 'थोडे दिवस' म्हणून आणलं होतं. आल्यापासून मास्तर आतल्या खोलीत बसून असत. विचारलं तर बोलत, वाढलं तर जेवत, आणि दार लोटलेलं ठेवत. लेक रोज औषधांच्या दुकानात कामाला जाताना दाराशी घुटमळे, आणि आतून "ये हं" एवढंच ऐकून निघे. मग एक दिवस गाडी गरम होऊन रस्त्यात बंद पडली, ओढून घरी आणली, आणि मास्तर आपणहून खोलीतून बाहेर आले. म्हणाले, "पंप गेला असणार. आपण घरीच करू की." त्या दिवसापासून ते बोलायला लागले. नट कोणता, पाना कोणता, यावर का होईना, बोलायला लागले. लेकीने त्या बंद पडलेल्या गाडीला मनातल्या मनात हात जोडले.

आता तुम्ही म्हणाल, सासरे-जावई एकत्र गाडी दुरुस्त करतात म्हणजे काय गोडवा असेल. गोडवा होताच, तोच तर नडला. गळतीसाहेब सासऱ्यांसमोर पाय पसरून बसत नसत, आणि मास्तर जावयाला चुकूनसुद्धा एकेरी हाक मारत नसत. आयुष्यभर पोरांच्या वह्यांत चुका काढत आलेला माणूस, पण जावयाने नट उलटा लावला तरी म्हणे, "वा, असंही बसतं वाटतं." इंजिनात कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं हिरवं पाणी, ओतायची वेळ आली तेव्हा तर दोघांनी कमालच केली.

"तुम्ही ओता, बाबा. मान तुमचा."

"छे छे, जावईबापू, गाडी तुमची. तुम्हीच ओता."

असं करत तो कॅन इकडून तिकडे, तिकडून इकडे फिरला. शेवटी दोघांनी मिळून धरला, दोघांनी मिळून ओतला, आणि त्यातलं बरंचसं इंजिनाच्या अंगाखांद्यावरून आत कुठेतरी गेलं. त्याबद्दल दोघंही एक अक्षर बोलले नाहीत. कारण बोलायचं म्हणजे सांडलं कोणामुळे ते ठरवावं लागलं असतं.

त्या संध्याकाळी गाडी सुरू झाली, आवाज गोड आला, आणि मास्तर हात पुसत म्हणाले, "झालं. आता एकदा नीट चालली की मला माझ्या घरी सोडा. पुष्कळ दिवस राहिलो."

भाजी निवडता निवडता बायकोने हातातली सुरी खाली ठेवली. मास्तर आत गेल्यावर ती गळतीसाहेबांना म्हणाली, "तुम्ही त्यांना एकदा राहा म्हणा ना."

"तू म्हटलंस ना?"

"मी लेक आहे, मी म्हणणारच. त्याला काय किंमत. त्यांना तुमच्या तोंडून ऐकायचंय. तिथे त्या बंद घरात एकटे काय करणार आहेत ते? भिंतींकडे बघत बसणार."

"अगं, पण त्यांना खरंच जायचं असेल तर? मी राहा म्हटलं तर जायची पंचाईत व्हायची त्यांना. संकोची माणूस आहे."

"आणि तुम्ही?"

गळतीसाहेब निवडलेलीच भाजी पुन्हा निवडायला लागले. त्यांना मास्तर हवे होते. घरी आल्यावर इंजिनाबद्दल बोलायला कोणी असावं, हे त्यांना या काही दिवसांत फार आवडलं होतं. त्यांचे स्वतःचे वडील, साहेब शाळेत असतानाच गेले होते. पण हे असं सासऱ्यांना तोंडावर कसं सांगायचं? तक्रारअर्जावर शेरा मारणं वेगळं आणि हे वेगळं. तर डाग दिसला त्या सकाळी साहेबांची स्थिती अशी होती, की गळती थांबली तर मास्तर जाणार आणि नाही थांबली तर अब्रू जाणार.

दोघं खाली आले. सतरंजी अंथरून गळतीसाहेब गाडीखाली शिरले, आणि गुडघ्यांच्या त्रासामुळे मास्तर वरून बॉनेटमध्ये वाकले. आता ही कामाची वाटणी लक्षात ठेवा. रेडिएटरला रबरी पाइप जोडतात त्यावर एक लोखंडी पट्टी आवळतात, तिला क्लिप म्हणतात. पाइपाच्या दोन टोकांना अशा दोन क्लिपा होत्या. वरची मास्तरांनी बसवली होती, खालची गळतीसाहेबांनी. गळतीसाहेबांना खालून दिसलं की हिरवा थेंब वरून येतोय. अर्थात मास्तरांची क्लिप. मास्तरांना वरून दिसलं की ओल सगळी खाली साचलीय. अर्थात जावईबापूंची क्लिप.

"काही दिसतंय का, बाबा?"

"नाही बुवा. इथे तर काही नाही. तुम्हाला?"

"छे. कोरडं ठणठणीत आहे."

दोघांनी माना हलवल्या आणि चहाला वर गेले.

दुपारी मास्तर जरा आडवे झाल्यावर गळतीसाहेब पावलांचा आवाज न करता खाली आले आणि त्यांनी वरची क्लिप अर्धा फेरा आवळली. चोरी केल्यासारखं वाटलं, पण हेतू शुद्ध होता. म्हाताऱ्या माणसाला कशाला कळू द्यायचं की हात आता पूर्वीसारखे घट्ट बसत नाहीत. दुसऱ्या दिवशी साहेब अंघोळीला गेल्यावर मास्तरांनी लांब दांड्याचा स्क्रूड्रायव्हर घेतला, वरूनच आत घातला, आणि खालची क्लिप एक फेरा आवळली. त्यांचाही हेतू शुद्धच होता. जावई ऑफिसातला माणूस, बिचाऱ्याला हौस फार, कशाला हिरमोड करायचा. दोघांनाही त्या दिवशी जेवण जरा जास्तच गेलं.

डाग मात्र वाढला. आता सोसायटीत त्याची चर्चा सुरू झाली, आणि चर्चा सुरू झाली की सल्ले आलेच. वरच्या मजल्यावरचे विमावाले ऑफिसला निघाले होते. ते बॅग खाली ठेवून म्हणाले, "अंड्याचा पांढरा बलक. रेडिएटरमध्ये सोडा. गरम झाला की शिजतो आणि भोक बंद. माझ्या साडूने केलंय."

"मग थांबली का गळती?" गळतीसाहेबांनी विचारलं.

"ते मी विचारलं नाही. त्याने नंतर गाडी विकली." बॅग उचलून ते निघून गेले. जाताना, इंजिनाचं असलं नुकसान विम्यात बसत नाही हेही सांगून गेले.

तळमजल्यावर मांजरवाल्या बाई राहत. त्यांचं म्हणणं वेगळंच होतं, आणि खरं तर त्यांचंच म्हणणं रास्त होतं. "हे गोड लागतं म्हणे, आणि विषारी असतं. माझ्या मनीने जीभ लावली तर मी काय करायचं ते सांगा." गळतीसाहेब मनातून घाबरले. त्यांनी लगेच घरातला कपडे भिजवायचा टब आणून गाडीखाली सरकवला, वर जाळी टाकली, डागावर वाळू पसरली. कपडे कशात भिजवायचे, असं बायकोने विचारलं तेव्हा ते म्हणाले, पाहणी चालू आहे. 

मग साहेबांनी शास्त्रशुद्ध शोध हाती घेतला. बायकोच्या दुकानातून अंगाला लावायच्या पावडरीचा मोठा डबा आणून सगळ्या पाइपांवर, जोडांवर भुरभुरवला. पावडर कोरडी असते, थेंब जिथून निघेल तिथून तिच्यावर ओघळ उमटतो, अशी ही युक्ती. युक्ती चांगली होती. फक्त इंजिन चालू केल्यावर पंखा सुरू होतो हे साहेबांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. पंखा लागला आणि अर्धा डबा साहेबांच्या तोंडावर, उरलेला मास्तरांच्या चष्म्यावर. दोघं लग्नाला निघाल्यासारखे पांढरेशुभ्र उभे होते. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "कल्पना मात्र उत्तम होती हं." जमिनीवर पडलेल्या पावडरीतून मनी चालत गेली आणि तिथून सेक्रेटरींच्या काळ्या गाडीच्या टपावर जाऊन बसली. बाईंनी तिला उचलून घरी नेलं, चारही पाय धुतले, आणि तिला दोन दिवस घराबाहेर सोडलं नाही. त्याचाही राग मनीने साहेबांवर काढला. ते दिसले की ती खिडकीतून पाठ फिरवून बसे.

ओघळ मात्र उमटले होते. वरच्या क्लिपपाशी एक, खालच्या क्लिपपाशी एक. म्हणजे गळतीसाहेबांना वरचा दिसला आणि मास्तरांना खालचा. दोघांनी परत 'काही कळत नाही बुवा' म्हटलं आणि परत संधी साधून एकमेकांची क्लिप आवळली. या वेळी अंमळ जास्तच जोर लावून.

सेक्रेटरींचा धीर आता सुटला. टपावरचे मांजरीच्या पायांचे ठसे त्यांना झोंबले होते. त्यांनी विचारलं, "गळतीसाहेब, नक्की गाडीचंच आहे ना हे? की जमिनीखालची लाइन फुटलीय?"

सरळ सांगायचं, की आमच्याच हातून काहीतरी चुकलंय. पण शेजारी मास्तर उभे. गाडीचं आहे म्हटलं तर क्लिपचं निघणार, आणि क्लिपचं निघालं तर मास्तरांचं निघणार. साहेब म्हणाले, "सांगता येत नाही. पाहणी चालू आहे."

सवयीने तोंडातून गेलं, पण सेक्रेटरी कागदाला कागद जोडणारे गृहस्थ. त्यांनी त्याच दिवशी पाणीपुरवठा कार्यालयात अर्ज दिला, 'सोसायटीच्या आवारात जमिनीतून हिरवट द्रव येत असून रहिवासी आणि एक मांजर यांच्या जिवाला धोका आहे'. अर्ज फिरत फिरत योग्य टेबलावर आला. योग्य टेबल कोणतं, ते सांगायला नको.

गळतीसाहेबांनी तो तीनदा वाचला. इतर कोणाचा असता तर शेरा मारून गठ्ठ्यात गेला असता आणि सहा महिने सुखाने राहिला असता. पण स्वतःच्या इमारतीची तक्रार स्वतः निकाली काढता येत नाही असा नियम आहे, आणि नियम पाळण्यात साहेब कधी कमी पडले नव्हते. अर्ज त्यांनी वरच्या साहेबांकडे नेला. वरच्या साहेबांनी तो वाचला, चष्म्यावरून गळतीसाहेबांकडे पाहिलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो पगारवाढीच्या दिवशीही कोणी पाहिला नव्हता. "आपल्याच माणसाच्या दारात गळती? तातडीने पथक पाठवा. लोक काय म्हणतील?" म्हणून इतकी वर्षं ज्या कार्यालयाचं पथक पोचेपर्यंत गळती आपोआप आटून जायची, त्या कार्यालयाचं पथक दुसऱ्या दिवशी सकाळीच टिकाव, फावडी आणि फरशी फोडायचं यंत्र घेऊन सोसायटीत हजर झालं.

पथकाच्या मुकादमाने साहेबांना नमस्कार केला आणि खडूने गाडीभोवती चौकोन आखला. "साहेब, गाडी काढा. इथे खोदायचंय."

गाडी चालू करता येत नव्हती, कारण तोवर पाणी जवळजवळ सगळं टबात आलं होतं. मग ढकलणं आलं. विमावाले, सेक्रेटरी, पथकातले लोक, सगळ्यांनी हात लावला. स्टिअरिंगवर मास्तर. गळतीसाहेब मागून ढकलत होते आणि मनात म्हणत होते, कुठून या पंपाच्या फंदात पडलो. गाडी हलली, टब आणि वाळू बाजूला केली, आणि खालची फरशी कोरडी निघाली. जमिनीतून काहीच येत नव्हतं. मुकादम म्हणाला, "साहेब, मला वर लिहून द्यावं लागतं. लाइनची गळती नसेल तर मग कशाची, ते दाखवा. नाहीतर मला खोदावंच लागेल."

सेक्रेटरींनी आपल्या नव्या फरशीकडे पाहिलं आणि त्यांचं तोंड पांढरं पडलं. "दाखवा हो, काय असेल ते दाखवा."

तेव्हा बॉनेट उघडलं. मास्तरांनी वरची क्लिप सोडवली, गळतीसाहेबांनी खालची, आणि पाइप बाहेर काढून सगळ्यांच्या देखत पार्किंगमधल्या बाकावर ठेवला. पाइप दोन्ही टोकांना, जिथे क्लिप बसते बरोबर तिथे, सुरीने कापावा तसा चिरला होता.

मग गळतीसाहेबांनी वरचं चिरलेलं टोक हळूच आपल्या बाजूला ओढलं. "हे माझ्यामुळे झालं, बाबा. मीच जास्त आवळली."

"तुम्ही कशाला?" मास्तर लगबगीने म्हणाले. "चूक माझी आहे. हे खालचं मी आवळलंय."

"खालची क्लिप तर माझी होती."

"हो, आणि वरची माझी होती. ती तुम्ही कधी आवळलीत?"

गळतीसाहेबांना आपण काय बोललो ते तेव्हा कळलं. मास्तरांनाही आपण काय बोललो ते तेव्हाच कळलं. आणि इतके महिने ज्या घरात 'जरा मीठ देता का' याहून वर आवाज गेला नव्हता, त्या घरातली दोन माणसं पार्किंगमध्ये समोरासमोर उभी राहिली.

"माझ्या पाठीमागे माझ्या क्लिपला हात लावलात?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही नाही लावलात माझ्या?"

"तुमची ढिली होती म्हणून लावला."

"ढिली नव्हती. तुमच्या वरच्या क्लिपचं पाणी खाली येत होतं."

"वरची क्लिप? ती मी स्वतः दोनदा तपासली होती. थेंब येत होता तो पहिल्या दिवशी ओतताना सांडलं त्याचा. इंजिनाखालच्या पत्र्यात साचलं होतं, ते ठिबकत होतं."

बोलता बोलता मास्तर थांबले. गळतीसाहेबही थांबले. म्हणजे गळती मुळात नव्हतीच. दोन सज्जन माणसांनी एकमेकांचं मन राखायला, रोज थोडी थोडी, आपल्या हाताने तयार केली होती.

इथे खरं तर दोघांनी हसून मोकळं व्हायला हवं होतं. पण एवढ्या लोकांसमोर फजिती झाली की माणूस हसत नाही, आणखी पेटतो. "सांडलं हे माहीत होतं तर बोलला का नाहीत?" गळतीसाहेब म्हणाले.

"तुम्ही बोललात? तुम्ही कधी काही बोलता? सकाळी माझा रेडिओ मोठा असतो, तुम्ही उशी कानावर घेऊन झोपता, मला दिसतं. पण विचारलं की म्हणता, छान गाणी लागतात."

"आणि तुम्हाला माझ्या हातचा चहा आवडत नाही. कुंडीत ओतता तुम्ही. ते झाड मेलं, बाबा."

वर गॅलरीत उभी असलेली बायको हे ऐकून कठड्याला धरून उभी राहिली. सेक्रेटरी, विमावाले, पथक, सगळे कान देऊन ऐकत होते. फावडं टेकवून एकजण तर बसलाच.

"मग सांगायचं होतं तोंडावर," मास्तरांचा आवाज चढला. "आपल्या घरातल्या माणसाला सांगतो तसं."

"तुम्हाला कसं सांगणार? तुम्ही पाहुणे…"

शब्द तोंडातून गेला तो गेलाच. मास्तरांचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी हातातला पाना बाकावर ठेवला, चष्मा काढला, पुसला, परत लावला. "बरोबर आहे," ते हळू म्हणाले आणि जिना चढून वर गेले. गळतीसाहेबांना म्हणायचं होतं, तुम्ही पाहुण्यासारखे वागता म्हणून. पण वाक्य पूर्ण करायला समोर कोणी उरलं नव्हतं.

मुकादमाने आपल्या वहीत बराच वेळ विचार करून शेरा लिहिला आणि साहेबांना वाचून दाखवला, 'गळती खाजगी व कौटुंबिक स्वरूपाची. खोदकाम अनावश्यक.' यंत्र घेऊन पथक गेलं. सेक्रेटरींनी साहेबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि काही न बोलता तेही गेले. सेक्रेटरी काही न बोलता गेले, यावरून काय ते समजा.

त्या संध्याकाळी बायको साहेबांना एवढंच म्हणाली, "जे बोलायचं होतं ते बोलला नाहीत. आणि बोललात ते हे." साहेबांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा पाइप आणला, नव्या क्लिपा आणल्या आणि एकट्याने बसवल्या. कुलंट ओतताना एक थेंब सांडला नाही. गाडी बराच वेळ चालू ठेवली, खाली पांढरा कागद पसरला, कागद पांढराच राहिला. इतक्या दिवसांच्या खटपटीनंतर काम फत्ते झालं होतं, आणि साहेबांना रडू यायचं तेवढं बाकी होतं. मास्तर बॅग घेऊन खाली आले. "झाली ना? चला, मला घरी सोडा."

लेकीने डबा दिला, पाया पडली, आणि डोळे दिसू नयेत म्हणून गाडी सुटायच्या आतच वर निघून गेली.

रस्ता लांबचा होता. गाडी सुरेख चालत होती, तापमानाचा काटा मध्यावर स्थिर. दोघं समोर बघत होते. साहेब मनात वाक्य जुळवत होते. बाबा, काल मी जे म्हटलं ते. नाही, असं नको. बाबा, मला असं म्हणायचं होतं. प्रत्येक वळणावर नवं वाक्य तयार होई आणि पुढच्या वळणावर मोडे. वाटेत मास्तरांनी एकदा गाडी थांबवायला सांगितली, उतरून वाकून खाली पाहिलं, आणि परत बसले. "कोरडं आहे," ते म्हणाले. तेवढाच संवाद.

मास्तरांच्या घरापाशी आल्यावर ते म्हणाले, "तुम्ही गाडीतच थांबा." त्यांनी कुलूप काढलं, आत गेले. खिडक्या बंदच होत्या, दारातून आत अंधार दिसत होता. आतून काहीतरी सरकवल्याचा आवाज आला, मग ठोकल्याचा, मग परत सरकवल्याचा. आवराआवर चाललीय, गळतीसाहेबांना वाटलं. आता हे इथे खिचपत पडणार, आणि ते माझ्या एका शब्दामुळे. मग मात्र त्यांच्याने बसवेना. जुळवलेली सगळी वाक्यं गाडीत टाकून ते उतरले आणि दारात जाऊन म्हणाले, "बाबा, तुम्ही इथे राहू नका. आमच्याकडे राहा. मला तुम्ही हवे आहात. रेडिओ लावा हवा तेवढा मोठा."

आतून मास्तर पाठमोरे, वाकलेले, एक भलीमोठी लाकडी आरामखुर्ची ओढत दाराकडे येत होते. दम लागला होता. "ऐकलं," ते म्हणाले. "आधी हे टोक धरा. जड आहे."

साहेबांनी टोक धरलं. खुर्ची दारात अडकली, तिरकी करावी लागली. "असं नाही, तुमची बाजू खाली घ्या. खाली म्हणतोय ना. डोकं कुठे आहे तुमचं?" मास्तर ओरडले. साहेबांनी बाजू खाली घेतली. खुर्ची गाडीच्या टपावर चढवून दोरीने बांधली, आणि गाठ कोणी मारायची यावरून पुन्हा वाजलं. मास्तरांनी दाराला कुलूप घातलं, किल्ली शेजारी देऊन आले आणि पुढच्या सीटवर बसले.

"पण खुर्ची कशाला?" साहेबांनी विचारलं.

"पाहुणा राहायचं नसेल तर माणसाला स्वतःची बसायची जागा नको? कालपासून तेच मनात होतं. हॉलमधल्या खिडकीशी ठेवायची ही. तुमची तिथली खुर्ची हलवा."

"खिडकीशी मी बसतो, बाबा. पेपर वाचायला उजेड लागतो मला."

"मलाही लागतो."

"मी आधीपासून बसतोय तिथे. मी नाही हलवणार."

"बरं बरं," मास्तर पट्टा लावत म्हणाले, "ते घरी जाऊन भांडू. गाडी काढा."